घरघंटीचा उन्हाळा

होळी झाली की आमच्या ताथवड्याच्या सोसायटीत लिफ्टमध्ये एक कागद चिकटतो. 'गच्चीवर वाळवण घालू नये.' कारण लिहिलेलं नसतं. तो कागद लागल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी गच्चीवर प्लास्टिकचे कागद अंथरले जातात, त्यांच्या कोपऱ्यांवर फरशीचे तुकडे ठेवले जातात आणि कुणी कुणाची तक्रार करत नाही. यंदाही तसंच झालं. मी दोरीवरचे कपडे काढायला वर गेले आणि दारातच थांबले. भिजवून आंबवलेल्या गव्हाचा वास येत होता. आंबट, थोडा नकोसा, तरी भूक चाळवणारा. कुणीतरी कुरडया घालत होतं.

कपडे न काढताच मी खाली आले. अलीकडे असं होतं. एखादा वास येतो आणि हातातलं काम तसंच राहतं.

तीन वर्षांपूर्वी मी चाकणच्या एका कंपनीत होते. घरघंट्या करणारी कंपनी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसेल एवढी, कपाटासारखी दिसणारी पिठाची गिरणी. माझं काम काय होतं ते आईला अजूनही नीट सांगता येत नाही. ती शेजारणींना म्हणायची, "आमची वैशाली मोबाइलवरच्या बायकांना गिरण्या देते." तसं ते खोटं नव्हतं. जे लोक मोबाइलवर व्हिडिओ करतात, ज्यांना रोज हजारो माणसं बघतात, त्यांची आणि कंपनीची गाठ घालून द्यायची, हे माझं काम. आम्ही गिरणी पाठवायचो, व्हिडिओ यायचा, आणि पुढच्याच आठवड्यात तीच बाई दुसऱ्या कुणाच्या मिक्सरचं तितक्याच आनंदाने कौतुक करताना दिसायची. तिची तरी काय चूक? आम्ही तिला कधी भेटलोही नव्हतो. तिचं नाव आमच्या यादीत होतं आणि आमचं तिच्या.

मी साहेबांना म्हटलं, "सर, अशी चाळीस माणसं नकोत. दोनच बघू, पण वर्षानुवर्षं आपल्याबरोबर राहतील अशी."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "बघा. पण याच सीझनला बघा."

सीझन म्हणजे उन्हाळा. फेब्रुवारी संपता संपता पापड, सांडगे, कुरडया, शेवया सुरू होतात, वर्षाचा मसाला होतो, आणि घरोघरी पीठ हा विषय निघतो. गिरण्या तेव्हाच विकल्या जातात.

सुमनकाकू मला अशाच एका दुपारी मोबाइलवर सापडल्या. साठीला आलेल्या, नऊवारी नेसलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. व्हिडिओत गाणं नव्हतं, रंगीत अक्षरं नव्हती. भाकरी थापताना त्या म्हणत होत्या, "आमी असं करतो. तुमी तुमच्या पद्धतीनं करा. भाकर फुगली म्हंजी झालं." एवढंच. खाली शेकडो बायका लिहीत होत्या की माझ्या सासूबाई अशाच बोलायच्या.

त्यांचं गाव चाकणच्या पुढे. जमीन एमआयडीसीत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर स्लॅबचं घर आणि मागे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या. व्हिडिओ काढायची ती त्यांची सून, प्रणाली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती उत्साहात होती, पण काकू मात्र गहू निवडत बसलेल्या.

"किती दिस वापरायला देशील?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काकू, ती तुमचीच. कायमची."

"तसं न्हाई. म्हैनाभर दळते. मग सांगते, बोलायचं का न्हाई ते."

मला सीझन निसटताना दिसत होता. पण मी हो म्हटलं. त्या नोकरीत मी अक्कल लावून केलेली ती एक गोष्ट.

आमच्याकडे एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी चाकणचा रस्ता ओळखू येत नाही. कंटेनर नाहीत, बसच्या रांगा नाहीत, फाटकांसमोरच्या चहाच्या टपऱ्या अर्ध्या बंद. मी माझ्या सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून काकूंकडे जायला लागले. सुरुवातीला काम म्हणून. मग कशासाठी जात होते ते मी स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी अंगणात कुरडयांचा चीक शिजत होता. मोठं पातेलं, विटांची चूल, आणि काकू चाटूने तो घट्ट होत चाललेला पांढरा गोळा ढवळत होत्या. घामाने त्यांचा पदर भिजलेला. मी बाजूला उभी होते.

"कुठली गं तू?" त्यांनी विचारलं.

"कासारवाडी. बाबा पिंपरीत कंपनीत होते."

"मूळची?"

"नगर जिल्हा."

"आडनाव काय?"

मी आडनाव सांगितलं. त्या आडनावानंतर काय होतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. समोरचा माणूस एक श्वास थांबतो. कासारवाडीत आमच्या चाळीसमोरच बुद्धविहार होता, तिथे कुणी आडनाव विचारायचं नाही, कारण सगळ्यांना सगळ्यांची माहीत होती. त्या चाळीतून बाहेर पडल्यावर प्रत्येक ठिकाणी तो एक श्वास मोजायची सवय लागली. काकूही थांबल्या. चाटू पातेल्यात तसाच उभा. प्रणालीने मान खाली घातली.

मग काकू म्हणाल्या, "धर जरा हे. माझा खांदा गेला. तळाला लागू देऊ नको."

मी चाटू धरला. चीक इतका जड असतो हे मला तेव्हा कळलं. दोन्ही हातांनी ढवळावं लागतं, आणि धुराने डोळ्यांना पाणी येतं, त्याचा एक फायदा असतो. काकूंच्या थोरल्या जाऊबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या काहीतरी पुटपुटल्या. काकू न वळता म्हणाल्या, "वन्सं, खायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या." त्या जाऊबाईंना वन्सं म्हणायच्या, का ते मी कधी विचारलं नाही. दुपारी आम्ही सगळ्यांनी वाटीत गरम चीक घेऊन वर तेल सोडून खाल्ला. जाऊबाईंनी नाही खाल्ला. पुढच्या गुरुवारी खाल्ला.

हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. माझ्या महिन्याच्या अहवालात याला रकाना नव्हता.

महिना झाल्यावर काकूंनी निकाल दिला. बाजरी झकास. ज्वारी झकास. नाचणीला जाळी बदलावी लागते. "आन् हरभऱ्याची डाळ एका वक्ताला दोन किलोच्या वर टाकली की ती तापती. थांबती. मग घटकाभर गप बसायचं. आमी तिला चिडली म्हणतो." कॅमेऱ्यासमोर त्यांनी हेच जसंच्या तसं सांगितलं.

साहेबांनी व्हिडिओ बघितला. "ते डाळीचं काढा."

"सर, तेच ठेवायला हवं."

"अहो, आपल्याच मशिनची तक्रार आपल्याच व्हिडिओत?"

"त्यामुळेच बाकीचं खरं वाटतंय."

मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटची साहेबांपुढे अडून बसले. व्हिडिओ तसाच गेला. आणि बायकांनी तो एकमेकींना पाठवला, बहिणींना पाठवला, 'चिडली' हा शब्द तर इतका चालला की आमच्या सर्व्हिसच्या फोनवर बायका विचारायला लागल्या, "भाऊ, आमची चिडलीय, काय करू?" त्या उन्हाळ्यात गिरण्या संपल्या. रात्रपाळी सुरू करावी लागली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. पुढच्या तीन वर्षांचा काकूंशी करार करायचं ठरलं.

तो उन्हाळा आठवला की मला आधी उजेड आठवतो. काकूंच्या गच्चीवरचा, पांढऱ्या धोतरांवर ओळीने घातलेल्या कुरडयांवरचा. सोऱ्यातून पडणारी ती गोल नक्षी. सकाळी ओली, दुपारी काचेसारखी, संध्याकाळी उलटायला हात लावला की किंचित करकरणारी. लांब कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात थरथरत असायची. काकू तिकडे हात करून सांगायच्या, "थितं आमचा गहू व्हता. त्या निळ्या पत्र्यापासनं ह्या टाकीपत्तोर." तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. आणि मग म्हणायच्या, "तुजी कंपनी कुठली त्यातली?" मी दाखवायचे. निळ्या पत्र्याच्या पलीकडची.

माझे बाबा 'कंपनी' हा शब्द वेगळ्या सुरात उच्चारायचे. त्यांना कंपनीने बूट दिले, डॉक्टर दिला, मुलीच्या शिक्षणाला हातभार लावला. ते निवृत्त झाले तेव्हा कंपनीच्या फाटकाला हात लावून तो हात कपाळाला लावून आले. त्यांच्याकडून माझ्यात काहीतरी उतरलं असावं. कंपनी सांगते म्हणजे त्यात काहीतरी विचार असेल, असं मला वाटायचं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण त्या एप्रिलमध्ये मी गप्प बसले त्यामागे काय काय होतं ते शोधताना हेही सापडतं.

कँटीनमध्ये सर्व्हिस विभागातले माने माझ्यासमोर ताट घेऊन बसले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "मॅडम, नव्या लॉटची मोटार वेगळी आहे. हलकी. पंधरा दिवसांत जळतेय. आठ-दहा परत आल्या."

"साहेबांना माहितीय?"

"त्यांनीच बदलायला सांगितली. माल पुरत नव्हता ना. तुम्ही कुणाला बोलू नका हं."

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "थोडं तापतंय, बघतोय आम्ही. सीझन संपू द्या." त्यांच्या टेबलावर ऑर्डरींचे कागद होते. मी म्हटलं, "बरं."

त्याच आठवड्यात काकूंचा सीझनचा शेवटचा व्हिडिओ होता. मी गुरुवारी गेले. व्हिडिओसाठी नव्या लॉटची गिरणी टेम्पोतून आधीच पोचली होती. काकूंनी तिचं दार उघडून आत बघितलं, हात फिरवला.

"ही तीच हाय ना गं, आधीसारखी?"

प्रणाली मोबाइल धरून उभी होती. कैरीच्या फोडी उन्हात ठेवल्या होत्या, त्यांच्यावर माश्या बसू नयेत म्हणून जाऊबाई कापड हलवत होत्या. सगळं इतकं रोजचं होतं.

"हो काकू. तीच."

एवढं सोपं होतं ते. मला वाटलं होतं खोटं बोलताना आवाज कापतो. नाही कापला. काकू कॅमेऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बायांनो, ही आमची तीच गिरणी. मी वापरलेली. बिनघोर घ्या."

बिनघोर हा शब्द त्यांना मी दिला नव्हता.

जूनमध्ये व्हिडिओंखालच्या ओळी बदलायला लागल्या. काकू, आमची बंद पडली. काकू, जळका वास येतोय. काकू, तुमच्यावर विश्वास ठेवून घेतली होती. सर्व्हिसचा फोन लागत नाही म्हणून बायकांनी काकूंनाच लिहायला सुरुवात केली. परभणीहून एकीने लिहिलं की तिने नवऱ्याशी भांडून घेतली होती आणि आता नवरा रोज हसतो. काकूंना वाचता येतं, पण मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. प्रणाली त्यांना एकेक वाचून दाखवायची. सगळं वाच म्हणायच्या. गाळू नको.

एके दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास त्यांचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात गेले.

"वैशाली, तुला म्हाईत व्हतं का?"

मागे गाईच्या हंबरण्याचा आवाज येत होता. मी नाही म्हणू शकले असते. त्यांना कधीच कळलं नसतं.

"होतं, काकू."

मग त्या म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या सोमवारी सुमनकाकू कंपनीत आल्या. जरीच्या काठाची नऊवारी, पायात चपला, काखेत शाळेची दोनशे पानी वही. प्रणाली बरोबर होती. वहीत नावं होती. बाईचं नाव, गाव, फोन, गिरणी कधी घेतली, कधी बंद पडली. सुनेचं सुबक अक्षर. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं साहेब मीटिंगमध्ये आहेत. काकू म्हणाल्या, "बसते मी." आणि तीन तास बसल्या. पाणी दिलं, घेतलं नाही. येणारेजाणारे त्यांना ओळखत होते. शॉपफ्लोअरवरची दोघं-तिघं कामगार मुद्दाम येऊन पाया पडून गेली, त्यांच्या आया काकूंचे व्हिडिओ बघायच्या.

शेवटी साहेबांनी आत बोलावलं. मलाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"सायेब, ह्या वहीतल्या बायांच्या मोटारी बदलून द्या."

"काकू, आम्ही तपासणी करतोय. प्रत्येक केस बघावी लागते. वापरणाऱ्यांकडूनही चुका होतात..."

"व्हत्यात. माझ्याकडनं बी झाली."

साहेब गोड हसले. "तुमची काय चूक? उलट आमच्याकडून काही गैरसमज..."

"सर," मी म्हटलं, "गैरसमज नाही. आपल्याला माहीत होतं. मला माहीत होतं."

मी धाडस केलं असं कुणी समजू नये. धाडस करायची वेळ एप्रिलमध्ये होती. त्या खोलीत काकूंसमोर बसून आणखी एक वाक्य ऐकून घेण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं, इतकंच. साहेबांचा चेहरा लाल झाला. काकूंनी वही टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

"ह्या मला वळखत न्हाईत. मी त्यांना वळखत न्हाई. तरी त्यांनी माझं ऐकलं. तुमी मोटारी देनार का न्हाई तेवढं सांगा. मग मला त्यांना सांगाया लागंल, काय ते."

मोटारी दिल्या. दोन महिने लागले, माने आणि त्यांची माणसं गावोगाव फिरली, पण वहीतलं प्रत्येक नाव झालं. ती वही प्रणाली रोज फोन करून तपासायची. शेवटच्या नावावर टिक पडल्यावर काकूंनी एक व्हिडिओ केला. अंगणात बसून, हातात काही न घेता. म्हणाल्या, "मी न बघता बोलले. चुकले. आता मी कुठल्या बी कंपनीचं सांगनार न्हाई. भाकरी करू आपण." त्यात माझं नाव नव्हतं. मी तो व्हिडिओ ऑफिसच्या बाथरूममध्ये उभी राहून बघितला. तीन वर्षांच्या कराराचा कागद त्यांनी सही न करता परत पाठवला, घडी न मोडता.

मला कुणी काढलं नाही. पुढच्या सीझनला त्या कामावर दुसरी मुलगी आली आणि माझ्याकडे डीलर्सच्या गिफ्टचं काम दिलं, तेव्हा मीच सोडलं.

आता मी दुसरीकडे आहे. काम तेच. स्टीलचे डबे. यादीत साठ नावं आहेत. कुणाला वाढदिवसाला केक जातो, कुणाला सणाला मिठाई, सगळ्यांना मी 'डिअर' लिहिते आणि सगळे मला हृदयाची चित्रं पाठवतात. याला आमच्याकडे नातं जपणं म्हणतात. संध्याकाळी लॅपटॉप मिटताना गालांना रग लागलेली असते, दिवसभर हसल्यासारखी, आणि मी तर कुणाला भेटलेलीही नसते.

काकू एकदाच भेटल्या, चाकणच्या बाजारात, कांद्याच्या ढिगाशी. मी पुढे होऊन नमस्कार केला. त्यांनी माझ्या हाताला धरून बाजूला घेतलं, वाटेतून टेम्पो येत होता म्हणून. "आई कशी हाय?" विचारलं. बरी आहे म्हटलं. "बरं. उन्हाची फिरू नको," म्हणाल्या आणि कांद्यांकडे वळल्या. घरी ये म्हणाल्या नाहीत. मी आशेने उभी होते हे त्यांना दिसलं असणार. त्यांचे व्हिडिओ मी बघते. यंदा कुरडयांचा आला. चाटू प्रणालीच्या हातात होता.

गच्चीवर तो वास आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला तळेगावला जायचं होतं. मृणाल नावाची मुलगी मुलांच्या डब्याचे व्हिडिओ करते, लहान लेक कडेवर घेऊन. तिच्याबरोबर वर्षभराचं काम ठरत आलं होतं. तिने आमच्या डब्याचं झाकण उघडून बंद करून बघितलं. कंपनीने लिहून दिलेला कागद तिच्यासमोर होता. त्यातलं पहिलंच वाक्य, 'कितीही हलवा, गळणार नाही.'

"चांगलाय," ती म्हणाली. "करूया ना. उद्याच शूट करते."

मी पाण्याचा ग्लास संपवला. बाहेर कडक ऊन होतं आणि मला परत स्कूटर चालवत जायचा कंटाळा आला होता.

"मृणाल, मी हा डबा घरी दोन महिने वापरलाय. उभा ठेवला तर नाही गळत. दप्तरात आडवा झाला की गळतो. रबर सैल पडतं. कंपनीला सांगितलंय, पण या वर्षी तरी ते बदलणार नाहीत."

लेकीने तिच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती, ती तिने सोडवली.

"मग मी हे वाक्य नाही म्हणणार."

"ते म्हटल्याशिवाय कंपनी काम देणार नाही."

"मग नको, ताई."

"बरं," मी म्हटलं.

दारापर्यंत आल्यावर तिने विचारलं, "तुम्ही मला का सांगितलंत? न सांगता झालं असतं की."

मी चपला घातल्या. ऊन खूप आहे, निघते, असं काहीतरी म्हणाले. ऑफिसात आमच्या नव्या साहेबांनी तोंड वाकडं केलं. यादीत तिच्या नावापुढे मी 'नकार' लिहिलं आणि पुढच्या नावाला 'डिअर' लिहायला घेतलं.

पंधरा दिवस झाले असतील. काल दुपारी तिचा मेसेज आला. चित्रं नाहीत, हृदय नाही. 'ताई, बाळाच्या खाण्याची पावडर करणारी एक कंपनी आलीय माझ्याकडे. तुमची नाही, दुसरी. त्यांनी कागद पाठवलेत, मला त्यातलं सगळं कळत नाहीये. तुम्ही वाचून खरं काय ते सांगाल का? मग मी ठरवते.'

समोर कामाचा ढीग होता. डोळे चुरचुरत होते. मी तो मेसेज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि लिहिलं, 'पाठव.'